दोन पाती

मोठं पातं राबायचं:
पेंढ्यांची सुतळी, कोंबड्यांच्या खाद्याची पोती,
एकदा खेचराच्या खुरातला खडा.
घासून घासून माशाच्या काट्याएवढं उरलं.
धाकटं फक्त खाण्यासाठी.
आणि ओमा बघत नसली, तर नखांसाठी.

केंटकीच्या या खोऱ्यात म्हणतात,
ज्यानं चाकू उघडला त्यानंच तो मिटावा,
नाहीतर घरात भांडणं होतात.

मंगळवारी वर्लिननं धाकटं पातं उघडलं,
अर्धं सफरचंद सोललं,
कुत्रं का भुंकतंय बघायला उठला
आणि व्हरांड्यात पडला.

सफरचंद ओमानं खेचराला घातलं.
चाकू अजून खिडकीत, उघडाच.
खालची धूळ पुसून ती तो परत तसाच ठेवते.

काल पार्सलची दोरी कापायला मी तिकडे हात नेला.
तिनं ती दातांनीच तोडली.