लिहिलं म्हणालीस ना

संध्याकाळी सहा-दहाला
पादरा, डभोई, सावली, करजण,
चारशे गावांचं दूध येतं आमच्या सर्व्हरवर.
दूध नव्हे, आकडे. लिटर, फॅट, सभासद क्रमांक.

जुनी विंडोज तेव्हा धापा टाकायची.
सगळा दोष तिचा नव्हता;
अँटीव्हायरसला कुणी सांगून ठेवलं होतं
झडती बरोब्बर सहाला घ्यायची,
आणि तो डेटाबेसची एकेक फाईल हुंगत बसायचा.
किरीटभाई म्हणाले, "बेन, लिनक्स नाखी दो ने."

नाखलं.
तीच पेटी, त्याच डिस्क, तेवढीच रॅम,
फक्त खालची जमीन दुसरी.
चार पिढ्या बडोद्यात आम्ही, भाजी गुजरातीत घेतो,
बेरीज मराठीत.
बेरीज कुठं होते त्यानं फरक पडतो
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तरी पहिल्या दिवशी उलटंच. आणखी मंद.
डेटाबेसनं हाताशी ठेवलेली पानं
तू गुपचूप माळ्यावर टाकत होतीस,
लागली की काढू म्हणत.
स्वॅपिनेस साठ होतं. एक केलं.
मग अजून एक शब्द टाकला, नोबॅरियर,
डिस्कच्या होकाराची वाट बघू नकोस म्हणून.
असं पळालं सगळं
की किरीटभाईंनी ऑफिसभर सेवउसळ मागवली.

तीन आठवडे.
मग एका मंगळवारी, सहा-बावीसला, यूपीएसनं मान टाकली.

उठलीस तेव्हा अकरा नोंदी नव्हत्या.
वाघोडियाकडच्या मंडळीचा सचिव फोनवर चिठ्ठी वाचत होता :
रेवाबेन छगनभाई, दोन लिटर चारशे,
फॅट सहा पूर्णांक आठ.
चिठ्ठी छापली होती, कारण डेटाबेसनं विचारलं होतं, लिहिलं?
आणि तू म्हणालीस, लिहिलं.

लिहिलं म्हणालीस ना?

पण तुला तसं म्हणायला
मीच शिकवलं होतं. रात्री दीडला, चहा पीत, खुशीत.

अकराही हातानं भरल्या.
तो शब्द खोडला.
आता सहा-दहाला आलेख थोडा चढतो, रेंगाळतो.
किरीटभाई दारातून विचारतात, "धीमुं केम?"
डिस्क वाट बघतेय, म्हणते मी.
ते जात नाहीत. उभेच असतात,
आणि सावलीच्या नोंदी येत राहतात
एकेक.