दुसरा

विटेझच्या भंगारवाल्या स्टिपोने तो गिअरबॉक्स आणला
पोत्यात गुंडाळून, मागच्या सीटवर, पट्टा लावून.
"पोलीस हल्ली काहीही विचारतात," म्हणाला.
कुठल्या गाडीतून काढला, त्या गाडीचं काय झालं,
हे मी विचारलं नाही. त्यानेही पैसे मोजले नाहीत.

बाबा आलुबुखाराच्या झाडाखाली उपड्या क्रेटवर,
नव्या गुडघ्यावर जुनी घोंगडी.
बावीस वर्षं एकच म्हणणं : गाडीला काहीही झालेलं नाही.
दुसरा जरा वेळ घेतो, एवढंच.
क्लच दाब. न्यूट्रलला आण. सोड.
एक श्वास.
पुन्हा दाब, आणि मग दुसरा,
विचारून. ओढून नाही.
सतराव्या वर्षी मला वाटलं, गाडी चालवणं म्हणजे हेच.
ट्राव्हनिकच्या परीक्षकाने माझ्या डाव्या पायाकडे
पूर्ण उतारभर पाहिलं, आणि विचारलं,
"झुम्रा, कुठल्या ट्रकवर शिकलीस गं?"

तेल काढलं. काळंभोर,
आणि त्यात पितळेची भुकटी, इतकी बारीक
की उन्हात बोट फिरवलं तर
कुणीतरी बांगड्या कुटून टाकल्यासारखं चमकलं.
बाबांनी बोट मागितलं. धरलं. बराच वेळ पाहिलं.
मग आपल्याच पँटला पुसलं.
"तेल आहे. चमकणारच."

बॅटरी निघाली, क्लचची केबल निघाली, स्टार्टर
शिव्या दिल्यावर निघाला.
इंजिन साखळीने टांगलं रसेमाकाकूच्या पलंगाच्या लाकडाला,
काकू दर अर्ध्या तासाने कॉफी घेऊन येई
आणि लाकूड वाकलं का ते बघून जाई.
शेवटचा बोल्ट सुटला तरी गिअरबॉक्स सुटेना.
दोन बोटं सरकला आणि रुसला.
बेसिमकाका खाली उताणा. मी पहार घातली. हलवली.
एकदम आला तो, गरम नाही, थंडगार,
आणि काकाने छातीवर झेलला
नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा.
"घ्या रे कुणीतरी," काका खालून म्हणाला, "हसताय काय!"

स्टिपोच्या डब्यात सळई नव्हती,
ती हातभर लांब, पोकळ दांड्याच्या आरपार जाणारी,
जिच्याशिवाय क्लच म्हणजे नुसतं पेडल.
जुन्यातली काढून ठेवली होती मी. नक्की ठेवली होती.
चटईखाली, डबक्यात, काकूच्या ट्रेमध्ये, सगळीकडे शोधली.
संध्याकाळ झाली, लाश्वेवरून गारवा आला,
आणि बाबा उठायला गेले तेव्हा घोंगडीतून खणकन पडली.
पुसून लख्ख केलेली.
कुणी काही बोललं नाही. मी ती उचलली, ग्रीस लावलं,
नव्यात घातली. सरळ गेली.

रात्री व्लाशिचच्या चढावर नेली गाडी.
पहिला. मग दुसरा,
काहीही न विचारता.
इतका सोपा, की मला माझा हात चोरासारखा वाटला.
शेजारी बाबा समोर बघत होते,
आणि जिथे मी थांबायची त्या जागी
त्यांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला.
त्या जागेत त्यांनी मला किती गोष्टी सांगितल्या होत्या,
अर्ध्या अर्ध्या. आईचं दुखणं. कारखाना बंद झाल्याचं.
लिंझला जाऊ नकोस, हे मात्र कधीच नाही,
फक्त दुसरा टाकायला जरा जास्त वेळ लावला होता त्यांनी
बस-स्टँडला जाताना.

एक बोल्ट उरला. खिडकीत ठेवलाय.

सकाळी ते एकटेच पावाला निघाले.
मी अंथरुणात. गाडी आरागिरणीपर्यंत गेलेली ऐकली,
वळणाला पहिला,
मग आवाज खाली आला,
नुसताच घरघरत राहिला,
राहिला,
आणि मग.