उघाडी

माझे वडील खारबंधाऱ्यावरची उघाडी सांभाळायचे.
भरतीला लाकडी दार आपोआप मिटायचं,
ओहोटीला शेतातलं पाणी त्याला रेटून
खाडीत निघून जायचं.
एका साली कालवं चिकटून बिजागरी आखडली.
पाणी आत झिरपत राहिलं,
बाहेर पडायला मात्र बोटभर फट.
तीन खाचरं उभी सडली.

दम्याचं मला चाळिशीपर्यंत एवढंच ठाऊक,
की श्वास घेता येत नाही.
बिराजदार डॉक्टरीणबाईंनी वहीच्या पाठीवर
एक नळी काढली, आतून सुजलेली,
म्हणाल्या, घेता येतो गं, सोडता येत नाही.
जुनी हवा आत तुंबते,
नवीला जागा कुठली?
मी म्हटलं, उघाडी.
त्यांना कळलं नाही. त्या उदगीरच्या.

दोन पंप दिले. निळा अडल्या वेळचा.
तपकिरी रोजचा, सकाळ-संध्याकाळ,
बरं वाटत असलं तरी,
खरं तर बरं वाटत राहावं म्हणूनच.
नंतर चूळ भरायची.
शिवाय फुंकायची एक नळी, काटा सरकणारी,
नि आकड्यांसाठी वही.

दिवाळीपासून छातीत काही वाजलं नाही.
शिमग्याच्या आधी तपकिरी संपला.
मी आणला नाही. पैसे होते.
वही मात्र बोलत होती:
तीनशे चाळीस. तीनशे दहा. दोनशे सत्तर.
रात्री दोनदा खोकून उठले,
निळा दिवसातून चारदा लागला,
मी म्हटलं, काजूला मोहर आहे, चालायचंच.

त्या संध्याकाळी दाजी घाड्यांनी भाजावळ पेटवली.
टाळ, पातेरा, शेण, वर मातीचा थर,
आतल्या आत धुमसतं ते रात्रभर.
धूर उठला, वळला,
आणि आमच्या पडवीत येऊन टेकला
मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा.

अडीच वाजता मी बाकावर,
कोपरं टेबलाला टेकून, पुढे वाकलेली.
आडवी झाले तर बुडेन असं वाटत होतं.
छातीत कुत्र्याची पिल्लं रडत होती.
आत्मारामने नळकांडं धरलं,
हलव. सोड. तोंड लाव. दाब.
हळू ओढ. अजून हळू. आता थांब, दहापर्यंत.
मोजता मोजता तो आठ विसरला.
मिनिटभराने पुन्हा.
सहा झाले, तरी "पाणी दे"
हे दोन शब्द एका दमात निघेनात.

वडिलांच्या खांबावर एक तांबडी रेघ होती.
तिच्यावर पाणी चढलं की वाद नाही,
झोपलेल्याला उठवायचं.

रिक्षा काढली. वाटेत पुन्हा निळा.
ग्रामीण रुग्णालयात नाकातोंडावर मुखवटा,
वाफेचं औषध, गोळ्या,
नि उजाडेपर्यंत आतलं पाणी
चिमूट चिमूट ओसरत गेलं.
बाई रागावल्या नाहीत. वही मागितली.
आकड्यांवरून बोट खाली नेलं,
दोनशे सत्तरवर थांबवलं.
"तू इथे यायला हवं होतंस."

आठवड्याने दाजींच्या अंगणात गेले.
ते ओशाळले. "गो बाय, माका आधी सांगूक काय झाला?"
भाजावळ नको, असं म्हणायला मी गेले नव्हते,
माझाही तरवा तशाच राखेत रुजतो.
मग ठरलं, पेटवायची ती पहाटे,
मतलई सुटल्यावर, धूर समुद्राकडे जाईल अशी.
आदल्या दिवशी हाक मारायची.
मी त्या रात्री आचऱ्याला, बहिणीकडे.

वडील माघात बिजागरीला तेल घालायचे,
खाडी गप्प, शेत कोरडं ठणठणीत.
लोक हसायचे.
आता मी रोज दात घासण्याआधी
तपकिरी हलवते, ओढते, थांबते.
आठ विसरत नाही.
मग चूळ. मोरीतलं पाणी
घळघळ करत बाहेर जातं,
आणि मी उगाच
ते संपेपर्यंत ऐकत उभी राहते.