कुठल्या खात्यात

नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, सीएच्या ऑफिसात
मी लोकांच्या नोंदी करते. नावे, जमा.
आज निनादशेठची फाइल आली.
घोडबंदरला त्यांचे चार टॉवर, पाचव्याचं नाव मोहबन.
मोह एकही नाही. विचारलं तर म्हणतील, ब्रोशरवर आहे.

त्यांच्या ट्रस्टने शहापूरकडच्या पाड्यांवर सौर कंदील वाटले,
एकशे बारा. पावत्या जोडल्यात.
"दान खात्यात टाका," शेठ म्हणाले, "सवलत बसते ना?"
बसते.
देणं म्हणून टाकलं तर बसत नाही.

त्यांच्या आजोबांकडे माझा पणजा होता.
होता म्हणजे, ठेवलेला होता.
चांगो हिलम. लग्नासाठी सत्तर रुपये उचलले,
त्यातच दोन मण भात, एक लुगडं, ताडीचे माठ,
आणि मांडवाचे डहाळे वाळायच्या आत
नवरा-नवरी दोघं शेठच्या खळ्यावर.
लग्नगडी म्हणत. ऐकायला केवढं गोड,
जणू वऱ्हाडातलाच कुणी.
एकोणीस वर्षं.

जेवणाच्या सुट्टीत देवरुखकरला सहज म्हटलं,
असं काही असेल तर कुणी कुणाला द्यायचं?
घास न थांबवता तो म्हणाला,
देणारा मेला, घेणारा मेला, कायदा झाला, सुटले.
माझा आजा गिरणीत खपला, त्याचं कोण देतं?
शिवाय दामदुपटीचा नियम आहेच,
व्याज मुदलाच्या वर चढत नाही.
मला लगेच काही खोडता आलं नाही.
त्याची भेंडी छान होती, ती मी मागून घेतली.

सगळे गेल्यावर नवी शीट उघडली.
रोजचे सहा आणे त्याचे. चार बुधीचे,
जिचं नाव कुठल्या कागदावर नाही,
अंगठा त्याने दिला, हात तिचेही गेले.
वर्षाचे तीनशे दिवस धरले, आजारपण वगळून,
आजारी पडायची सोय नव्हती हे ठाऊक असून.
तीन हजार पाचशे बासष्ट रुपये आठ आणे.
दामदुपटीने सात हजार एकशे पंचवीस.
मोहबनमधल्या एका घराचा महिन्याचा मेंटेनन्स याहून जास्त.

मग शेठच्याच दराने केलं. सवाईने, सत्तर वर्षं.
रकाना अरुंद पडला,
आकड्याच्या जागी नुसती जाळी उमटली
मासे नसलेली.
रुंद केला. आकडा दिसला.
परत अरुंद केला.

बाला फोन लावला.
म्हणाला, नको गं. घेतलं की हिशेब मिटला म्हणतील.
राहू दे त्यांच्या अंगावर.
मागून आई: आणि तुमच्या अंगावर पाणी गळतं ते?
घे गं, देतील तेवढं घे, पत्रा बदलू.
दोघं भांडत राहिली. मी फोन कानाला धरून.
घंटाळीच्या बाजूने कुणाची तरी वरात चालली होती,
खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

नऊ वाजता शेठचा मेसेज: झाली का एंट्री?
नाही म्हणून कळवलं. पावत्या लावतेय म्हटलं.
आणि खरंच लावायला घेतल्या.

एक्केचाळिसावी. सोमी लाडक्या हिलम, राहणार काटेमाळ,
एक नग कंदील मिळाला.
खाली निळा अंगठा.

आत्याला सही येते.
मीच शिकवली, पाचवीत असताना,
चुलीतल्या कोळशाने, कुडाच्या भिंतीवर.
'सो'ला तिला आठ दिवस लागले,
'मी' एका दुपारी आलं.

फोन करून विचारलं.
अगं, शाईचा पॅड आधीच उघडून ठेवलेला, ती म्हणाली,
आणि मागे रांग होती.