नऊपैकी तिसरी प्रत

तुर्भ्याच्या एमआयडीसीत मी प्लेटा बनवते.
ऑफसेटची प्लेट सुलट असते,
मधला रबर तिला उलटतो, कागद पुन्हा सुलटतो.
चौदा वर्षांत उलटं काही वाचावंच लागलं नाही.

म्हणून चुकले.

फळी हिराजी नाखव्याच्या होडीची.
फायबरची नवी आली तेव्हा जुनी त्यानं
दिवाळ्याच्या जेट्टीमागं फोडली.
अर्धी चुलीत गेली, थोडी कोंबड्यांच्या खुराड्याला,
एक मी मागून आणली, दोन हात लांब.
चार संध्याकाळी पॉलिश पेपर घासला
तरी मीठ सुटेना.
जिभेला लावून बघितलं, कुणाला सांगू नका.
खिळ्यांची भोकं बुजवायला लांबी आणली होती,
ती डब्यातच वाळली.

मग पटाशी.
साग विचारल्याशिवाय वाट देत नाही,
रेषेच्या आडवं गेलं की ढलपा उडवतो
आणि तुमच्या जेट्टीची एक पायरी घेऊन जातो.
कोरलं ते पांढरं. सोडून दिलं
तेवढंच उमटतं.
पाम बीचचे दिवे, जाळं सुकवायचे बांबू,
उरणच्या अंगाला निघालेली होडी,
आणि वर गावाचं नाव, ठसठशीत: दिवाळे.

शाई कामावरच्या डब्याच्या तळची.
काचेवर रोलर फिरवायचा, आवाज बदलेपर्यंत,
चिकटलेले ओठ सुटावेत तसा आवाज.
प्रेस नाही. कागदावर आमटीच्या पळीची पाठ
गोल, गोल, पाऊण तास.
शेजारच्या कुंदाताई भिंतीपलीकडून विचारतात,
काय घोटतेस गो?

कोपरा धरून उचलला.

वेलांटी मागं जाऊन उभी,
लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.
द नं तोंड फिरवलेलं.
एकटा ळ जवळजवळ होता तसाच.
आपला ळ. त्याला आरशाचं काही वाटत नाही.

मी फळी चुलीत घालायच्या बेतात होते
तोवर भार्गवीनं, भाचीनं, फोटो काढून टाकलाही.
रात्री अकरापर्यंत एकशेबारा जणांनी बघितलं.
एकानं विचारलं, लिपी कुठली?
एकीनं आरशात धरून वाचलं
आणि लिहिलं, दिवाळं कुणाचं निघालं?
आणि बऱ्याच जणांना
आकाशातल्या चांदण्या फार आवडल्या.

चांदण्या मी कोरल्याच नव्हत्या.

मावशी, एका टिचकीत सुलटं करते, भार्गवी म्हणाली.
केलं. अक्षरं शाळेतल्यासारखी रांगेत उभी राहिली,
आणि खाली पेन्सिलीनं केलेली माझी सही
उलटी झाली.
राहू दे, म्हटलं. पहिलंच ठेव.

रविवारी हिराजी आला.
हात लुंगीला पुसले, दोनदा,
आणि कागद असा धरला जसं ताट.
नाव वाचलं नाही. होडीकडंही बघितलं नाही,
तशा त्याला आयुष्यभर दिसल्यात.
बोट आकाशात गेलं.
एक, दोन, तीन. थांबत थांबत सात.
आठवा कं हाय?

शाईनं बुजला असेल, मी म्हटलं.
नाय, तो म्हणाला, तो मीच नीट ठोकला नव्हता.
तिथूनच पानी यायचं.

मग बराच वेळ काही नाही.
ही डावी बाजू होती होरीची, तू उजवीकडं घातलीस,
एवढं बोलून त्यानं ओली प्रत
आडवीच, दोन्ही तळव्यांवर घेतली
आणि मासळी बाजाराच्या गल्लीतून घरी नेली.
वाटेत कुणालातरी दाखवताना
त्याचा आवाज आला, शब्द नाही आले.

फळी तशीच ठेवलीय. नऊ काढायच्या, नऊच.
त्याच्या प्रतीवर मी लिहिलं होतं: ३/९.

सोमवारी नखांत काळं घेऊन कामावर गेले.
कुठल्याशा शाळेच्या प्रवेशाचं पत्रक, दहा हजार प्रती.
फिल्म दिव्यासमोर धरली,
आणि कुणी बघत नाही असं बघून
एकदा पाठीमागून वाचली.