मुद्देमाल

विधेयक आज दुपारी मांडणार म्हणतात.
मी विधानभवनाच्या फाटकाबाहेर, बॅरिकेडला टेकून.
आत माझ्या गालाबद्दल बोलणं चाललंय.

दोन वर्षांची पाच करा. कुणी म्हणतं, सात.
बंदोबस्तावरचा गुंजाळ मोबाइल कानाला लावून
आकडे सांगतो, स्कोअर सांगावा तसे.
"खरमाटेबाई, तुमच्यासारख्यांसाठीच आहे हे सगळं."

माझ्यासारख्यांसाठी.
गाल अजून थंडीत ठणकतो,
म्हणजे बँकेच्या एसीत; मुंबईत थंडी कुठली.
कमानीच्या सिग्नलला, मार्चमध्ये, भर पावणेबाराला
हेल्मेट काढून मारलं त्यानं. एकदाच.
दुसऱ्यांदा उचललं नाही. स्वतःच घाबरून
खाली बसला, पिशवीतली बिर्याणी डांबरावर,
आणि फोनमधली बाई सांगत राहिली: उजवीकडे वळा.

सुजल वाघधरे, वय एकोणीस.
फिर्यादीत सगळं आहे. हाडाला चीर, तीन टाके,
'शासकीय कर्तव्य बजावत असताना'.
साहेबांनी वाचून दाखवलं, मी सही केली.
मार तो मारच. त्यात माझं दुमत नाही.

एक ओळ तेवढी नाही.
त्याआधी मी त्याच्या गाडीची चावी काढून घेतली होती.
काढायची नसते. माहीत असतं. सगळेच काढतात.
तो म्हणाला, मॅडम, चार मिनिटं राहिलीत,
आणि मी चावी मुठीत धरून फोनवर
मुलीला सांगत होते, कुकरच्या किती शिट्ट्या.

अकरा तारखा झाल्या.
एकदा वकील नाही, एकदा पंच नाही,
एकदा न्यायाधीशांचीच बदली.
त्याची आई दर वेळी येते, चपला दाराबाहेर काढते,
देवळात आल्यासारखी.
माझ्याकडे बघत नाही.
मीही तिच्या पायांकडेच बघते. टाचांना भेगा आहेत.

हेल्मेट मुद्देमालात जमा, लाखेचं सील लावून.
चावी नाही.
ती माझ्या घरी, सुईदोऱ्याच्या डब्यात,
शिट्टीच्या जुन्या दोरीत गुंतलेली.
तिला प्लास्टिकचा हिरवा पोपट आहे,
एक डोळा पुसलेला.

पाचच्या सुमारास गाड्या सुटू लागतात.
गुंजाळ म्हणतो, पुढच्या अधिवेशनावर ढकललं बहुतेक.
मी सलाम ठोकते. काच वर असते.

उद्या बारावी तारीख.
गणवेशाचं एक बटण लोंबतंय कधीचं.
रात्री तो डबा उघडावा लागणार.