तोंडाने काढून दाखव

आवाज कसा येतो ते सांगू नकोस, म्हणतो मी,
तोंडाने काढून दाखव.
म्हणून कोचकोरच्या माझ्या गॅरेजात
मिशीवाले, पोटवाले, नातवंडं असलेले बाप्ये
घूंऽ करतात, किर्र करतात,
एकजण शेळीसारखा बें करून लाजला.
त्याचं सेंटर बेअरिंग गेलं होतं.

कळतं मला त्यातून.
गिअर टाकताना एकदाच ठण्ण, म्हणजे शाफ्टचा क्रॉस.
खड्ड्यात करकर आणि सपाटीला गप्प,
तर कमानपाट्याची पिन ग्रीस मागतेय.
चुकलो नाही कधी. विचारा कुणालाही.

तिलेबाल्दी कारा-केचेहून कोळसा आणतो.
त्याच्या कामाझचा आवाज त्याला काढता येईना.
"टक्... नाही. आधी काहीतरी घसरतं.
मग टक्.
फक्त उतारावर. गाडी रिकामी असतानाच."
"कधीपासून?"
"घेतली तेव्हापासून. मागच्या मालकालाही यायचा म्हणे."

खड्ड्यात उतरलो.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला, मूठ दातांत.
डावा कान गेलाय, पण हाडं अजून ऐकतात.
काही नाही.
सायलेन्सरला लाथ घातली, आवळलेले यू-बोल्ट पुन्हा आवळले.
गॅरेजात आणली की गाडी
पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी वागते.

मग म्हटलं, चालव.
आणि मी मागे रिकाम्या हौद्यात,
पालथा, कोळशाच्या भुकटीत कान टेकून,
दोलोन खिंडीच्या उतारावर.
वारा. टायरखालची खडी.
मग जीभ टाळूवरून सरकावी तसं काहीतरी,
आणि टक्.

मला ओळखता आला नाही.

चाकांना दगड लावले.
चेसिसच्या आडव्या चॅनेलमध्ये हात घातला कोपरापर्यंत,
चिखल, तेल, वाळकं गवत,
आणि पाना.
सत्तावीस नंबर. दांड्यावर हिरवा पट्टा.

हिरवा पट्टा माझा.
गाडी तेव्हा निळी होती, गिअरबॉक्स मीच उतरवलेला.
भिंतीवरच्या फळीवर या पान्याची आकृती अजून आहे,
खडूने काढलेली, आत खिळा नुसता.
अकरा वर्षं.

त्या हिवाळ्यात अझरेत होता हाताखाली, सतराचा.
मागायच्या आधी पाना हातात देणारा पोरगा.
सत्तावीस मागितला, तर त्याने रिकामे हात पुढे केले.
मी हातांकडे बघितलंच नाही.
गल्लीला ऐकू जाईल असं बोललो.
त्याने तोंड उघडलं होतं.
काय निघणार होतं त्यातून, कोण जाणे.
आता तो त्युमेनला बस चालवतो म्हणतात.

परतताना गाडी मुकी.
प्रत्येक उताराला तिलेबाल्दी मान तिरकी करून वाट बघायचा.
"चुकल्याचुकल्यासारखं होतंय," म्हणाला.
"किती द्यायचे?"
मी म्हटलं, इथेच थांबव.

अझरेतच्या आईचं दार.
पाना बाहीत सारला, मग पुन्हा बाहेर काढला.
कडी वाजवली.
कुत्रं भुंकलं, थांबलं.
आतून बुटांचे पाय येऊ लागले.
एक पाऊल, मग ओढ, मग पाऊल.
डावा गुडघा.
हे कधीपासून, मला माहीत नाही.